काचपूड सिमेंटच्या जागी: कुठली पिशवी घ्यावी, कुठली परत पाठवावी

फुटक्या बाटल्या आणि खिडक्यांच्या काचा दळून केलेली पूड आता पिशवीत भरून विकायला येते, आणि पिशवीवर ‘सिमेंटला पर्याय’ असं छापलेलं असतं. हे अर्धंच खरं आहे. नुसती काचपूड पाण्यात कालवून ठेवली तर दुसऱ्या दिवशी तळाशी चिखल बसलेला दिसेल, दगड झालेला दिसणार नाही. ती सिमेंटच्या सोबतीनेच काम करते आणि सिमेंटपेक्षा फार उशिरा कामाला लागते. हे मनाशी पक्कं असेल तर माल चांगला आहे. नसेल तर स्लॅबचा आधार काढायच्या दिवशी वाद ठरलेला.

काचेचा माल तीन रूपांत मिळतो. पहिला, ४५ मायक्रॉनखाली दळलेली पूड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हाताला मैद्यासारखी लागते. दुसरा, ७५ ते १५० मायक्रॉनच्या आसपासची भरड पूड, जी बऱ्याचदा पहिलीच्याच नावाने विकली जाते. तिसरा, १ ते ५ मिलिमीटरची काचवाळू किंवा काचकणी. सिमेंटच्या जागी घालायला यांतला फक्त पहिला लायक आहे. दुसऱ्यात पैसे वाया जातात. तिसरा बाहेरच्या कामात सरळ धोक्याचा आहे. गंमत अशी की तिन्हींचं रासायनिक विश्लेषण केलं तर आकडे तेच निघतील. फरक फक्त दळणाचा.

काचेत असतं काय

बाटली आणि खिडकी, दोन्हींची काच सोडा-चुना प्रकारची. तिच्यात सिलिका ७० ते ७३ टक्के, सोडियम ऑक्साइड १२ ते १४ टक्के, कॅल्शियम ऑक्साइड साधारण ९ ते ११ टक्के, आणि उरलेल्यात थोडं ॲल्युमिना आणि मॅग्नेशिया. सिलिका वाळूतही भरपूर असते, पण वाळूतली स्फटिकरूप, शिस्तीत बसलेली, म्हणून थंड. काचेतली अस्ताव्यस्त थिजलेली असते आणि अल्कलीसमोर, म्हणजे सिमेंटच्या पाण्यातल्या तीव्र क्षारांसमोर, तिची वीण उसवते.

सिमेंट पाण्याशी जुळताना मजबुती देणारा कॅल्शियम सिलिकेटचा लगदा तयार होतो आणि सोबत मोकळा चुनाही सुटतो. हा चुना काँक्रीटला ताकद देत नाही, पाण्यासोबत झिरपून बाहेरही येतो. बारीक काचेतली सिलिका त्याला पकडते आणि तोच मजबुतीचा लगदा पुन्हा बनवते. राखेच्या पुडीची, म्हणजे फ्लाय ॲशची, क्रियाही याच वळणाची. मोकळा चुना मोजकाच असतो, म्हणून काचपूडही कितीही घालून चालत नाही. चुना संपला की पुढची पूड नुसती भरणी होऊन बसते.

तीच काच भरड असेल तर

काँक्रीटमध्ये काच म्हटल्यावर जुन्या अभियंत्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती रास्त आहे. खडी-वाळूतली काही खनिजं सिमेंटच्या अल्कलीशी भिडतात, पाणी पिऊन फुगणारा जेल बनतो आणि काँक्रीटला नकाशासारख्या भेगा पडतात, हे १९४० साली थॉमस स्टँटन यांनी कॅलिफोर्नियात दाखवून दिलं. पुढे याच रोगाविरुद्ध एखादी पूड किती गुणकारी आहे हे तपासायला एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेची सी ४४१ ही चाचणी आली. तिच्यात मुद्दाम रोग लावण्यासाठी वापरतात ते पायरेक्स काचेचे कण. रोगाचा नमुना म्हणून काच आणि त्यावर औषध म्हणूनही काच, अशी ही विचित्र जोडी आहे.

उलगडा कणाच्या आकारात आहे. काच फोडताना मोठ्या कणाच्या पोटात बारीक बारीक भेगा पडतात. अल्कलीचं पाणी या भेगांत शिरतं आणि आतल्या आत जेल बनतो. तिथे कॅल्शियम फारसं पोचत नाही, त्यामुळे तो जेल फुगरा राहतो आणि कण फोडून बाहेर येतो. कणाच्या बाहेरच्या अंगाला चुना मुबलक असतो, म्हणून तिथे तीच सिलिका न फुगणारा लगदा बनते. कण लहान होत गेला की पोटातल्या भेगा उरत नाहीत, बाहेरचं अंग तेवढं राहतं. सोडा-चुना काचेत साधारण १ ते २.५ मिलिमीटरचे कण सर्वांत वाईट वागतात, ३०० मायक्रॉनखाली फुगणं जवळजवळ थांबतं, आणि ७५ मायक्रॉनच्या खाली हीच काच दुसऱ्या खडीचा रोगही आटोक्यात ठेवायला लागते.

म्हणून भरड पुडीचा उपद्रव तसा मोठा नसतो, उपयोगही नसतो. १०० मायक्रॉनचा कण २८ दिवसांत वरवर चाटला जातो आणि गाभा तसाच पडून राहतो. सिमेंट कमी केलं आणि त्या जागी महागडी वाळू घातली, एवढाच त्याचा हिशेब.

पिशवी उघडण्याआधी आणि उघडल्यावर

या मालासाठी स्वतंत्र मानक २०२० मध्ये आलं: एएसटीएम सी १८६६. त्यात दोन प्रकार आहेत. जीएस म्हणजे बाटल्या आणि सपाट काचेची पूड, जीई म्हणजे ई-ग्लास तंतूंच्या, म्हणजे फायबरग्लासच्या, उत्पादनातल्या टाकाऊ मालाची. जीईमध्ये सोडियम फार थोडं आणि ॲल्युमिना जास्त असतं, त्यामुळे गुणाला ती जीएसच्या वरचढ. मिळाली तर हीच घ्यावी. मात्र तंतूंचे कारखाने मोजके, म्हणून मालही मोजकाच. विक्रेत्याकडे मागायचा कागद म्हणजे त्या खेपेचा चाचणी अहवाल. तिथे पहिल्यांदा ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओल्या चाळणीत किती राहिलं ते पाहावं. ५ टक्क्यांपर्यंत ठीक. दुसरा आकडा ओलाव्याचा, अर्ध्या टक्क्याच्या आत. तिसरा तापवल्यावर होणारी घट, तीही अर्ध्या टक्क्याच्या आतच हवी. जास्त असेल तर कागदी लेबलं, डिंक, प्लॅस्टिक सोबत दळलं गेलंय असं समजावं. ‘सरासरी कण १२ मायक्रॉन’ एवढंच छापलेलं असेल तर फसू नका. सरासरी १२ असूनही वरच्या टोकाला १५० मायक्रॉनचे कण असू शकतात, आणि घोळ तेच घालतात.

४५ मायक्रॉनची चाळणी हाताशी नसेल तर पाण्याने काम भागतं. काचेची घनता पाण्याच्या अडीचपट. त्या हिशेबाने ४५ मायक्रॉनचा कण पाण्यात सेकंदाला सुमारे दीड ते पावणेदोन मिलिमीटर खाली जातो, म्हणजे १० सेंटिमीटर उतरायला त्याला साधारण एक मिनिट लागतं. एका उभट भांड्यात २० ग्रॅम पूड घ्या, तळापासून १० सेंटिमीटर पाणी भरा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका म्हणजे कण एकमेकांना चिकटणार नाहीत. ढवळा, बरोबर एक मिनिट थांबा आणि वरचं गढूळ पाणी तळ न हलवता ओतून टाका. पुन्हा पाणी, पुन्हा ढवळणं, पुन्हा एक मिनिट. मिनिटभराने वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचं, पाच-सात वेळा तरी लागतंच. शेवटी तळाशी उरेल ते वाळवून तोला. एक ग्रॅमच्या आत असेल तर पिशवी ठेवा. दोन-अडीच ग्रॅम निघालं तर विक्रेत्याशी बोलायची वेळ आली. चार ग्रॅम निघालं तर बोलण्यासारखंही काही नाही, पिशवी परत. चाचणी ढोबळ आहे, पण मैदा आणि रवा ओळखायला तेवढी पुरते.

दुसरी तपासणी साखरेची. बाटल्या नीट धुतल्या नाहीत तर सरबतं, दारू, मुरंबे यांची साखर पुडीत उतरते, आणि सिमेंटला साखरेचं भारी वावडं. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरही सेट होणं तासन्‌तास लांबवते. शंभर किलो सिमेंटमागे फक्त ५० ग्रॅम! दोन वाट्यांत लगदा करा: एकीत नुसतं सिमेंट, दुसरीत ८० भाग सिमेंट आणि २० भाग पूड, दोन्ही सारख्याच घट्ट. झाकून सावलीत ठेवा. अंगठ्याचा ठसा उमटायचा थांबेपर्यंतचा वेळ मोजा. पुडीच्या वाटीला तास-दीड तास जास्त लागणं स्वाभाविक. चार-पाच तासांचा फरक पडला तर मालात साखर आहे किंवा शिशाची काच मिसळली आहे. शिसंही सेट होणं लांबवतं. जुन्या टीव्हीच्या नळ्या आणि नक्षीदार क्रिस्टल काच ही शिशाची ठिकाणं. ती पुडीत येताच कामा नये, आणि फक्त सेटिंगसाठी नव्हे.

तिसरी तपासणी बुचांची. बाटलीचं ॲल्युमिनियमचं बूच सोबत दळलं गेलं तर सिमेंटच्या अल्कलीत ते हायड्रोजन सोडतं आणि माल पावासारखा फुगतो. वरच्याच मिश्र लगद्याने एक पारदर्शक पेला काठोकाठ भरा, पातीने सपाट करा. दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग फुगलेला किंवा बुडबुड्यांनी छिद्राळलेला दिसला तर धातू आहे. लोखंडी बुचं कारखान्यातलं चुंबक ओढून घेतं. ॲल्युमिनियमला चुंबकाचा उपयोग नाही, त्यासाठी वेगळं यंत्र लागतं, आणि छोट्या दळणवाल्यांकडे ते नसतं.

गाडीच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तो काढल्याशिवाय दळलेला माल चोथ्यासारखा निघतो. चिनी मातीच्या कपबशा आल्या तर फारसं बिघडत नाही, फक्त त्यांचा कण कणखर असतो आणि भरड राहतो. ट्यूबलाइटच्या काचेत पाऱ्याचा अंश असतो, तिला हात लावू नये.

स्वतः दळावी का

थोडक्यात: नाही. काच फोडणं सोपं, ४५ मायक्रॉनखाली नेणं कठीण. हातोडा आणि पिठाच्या गिरणीतून जे निघतं ती काचवाळू. गोळ्यांच्या गिरणीतच हे काम होतं, तेही तासन्‌तास चालवून, आणि बाहेर पडणारा माल हवेने चाळून भरड भाग परत आत ढकलणारी सोय असेल तर. ही सोय नसलेल्या गिरणीत बारीक आहे ते आणखी बारीक होत राहतं आणि भरड तसंच फिरत राहतं. शिवाय गोळे आणि अस्तर झिजून लोखंड मालात उतरतं, पूड करडी होते. पांढरी पूड हवी असेल तर सिरॅमिकचे गोळे लागतात.

धुळीबद्दल दोन शब्द. काचेची सिलिका अस्फटिक आहे, त्यामुळे दगड फोडणाऱ्यांना होणाऱ्या सिलिकोसिसइतका धोका हिच्यात नाही. पण धूळ ती धूळ, आणि दळणात वाळू किंवा चिनी माती असेल तर स्फटिक सिलिकाही आलीच. ओली पूड अल्कलीसारखी वागते, कातडी कोरडी पाडते. मास्क, चष्मा, हातमोजे. पिशवी उंचावरून ओतू नका, तोंड मिक्सरच्या आत नेऊन रिकामी करा.

मिश्रणाचा हिशेब

प्रमाण १० ते २० टक्के, सिमेंटच्या वजनावर. २० च्या वर जायचं असेल तर ९० दिवसांच्या चाचण्या हातात घेऊनच जावं. कॅनडात मॉन्ट्रियलच्या नन्स आयलंडवरच्या डार्विन पुलांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटच्या १० टक्के जागी काचपूड वापरली. भार पेलणाऱ्या कामाची सुरुवात अशा जपून घेतलेल्या आकड्यानेच होते.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. सिमेंटची घनता ३.१५, काचेची २.५. वजनाने सारखी अदलाबदल केली की आकारमान वाढतं. एक घनमीटरसाठी ३५० किलो सिमेंट, १७५ लिटर पाणी, ७४० किलो वाळू आणि ११२० किलो खडी असं मूळ प्रमाण धरू. सिमेंटची जागा १११ लिटर. २० टक्के बदललं की २८० किलो सिमेंटचे ८९ लिटर आणि ७० किलो काचेचे २८, मिळून ११७. जवळपास ६ लिटर जास्त. हे वळतं केलं नाही तर घनमीटरमागे माल सहा लिटर जास्त भरतो आणि सिमेंटचा हिशेब कागदावर एक, साच्यात दुसरा होतो. वळतं करायचे दोन मार्ग. पाणी तेवढंच ठेवायचं तर वाळू १५ किलो कमी करा. आम्ही सुचवू तो दुसरा: वाळूला हात न लावता पाणी ७ लिटर कमी करून १६८ वर आणा. त्यामुळे पाण्याचं सिमेंट आणि पूड मिळून होणाऱ्या वजनाशी गुणोत्तर ०.५० वरून ०.४८ होतं आणि सुरुवातीच्या दिवसांतली ताकदीची तूट थोडी भरून निघते. कमी झालेल्या पाण्याची भरपाई प्लॅस्टिसायझरने, म्हणजे पाणी न वाढवता माल ढिला करणाऱ्या रसायनाने. त्याचा डोस चाचणी मिश्रणातच ठरवायचा, बाटलीवरच्या शिफारशीच्या खालच्या टोकापासून सुरुवात करून.

काच पाणी पीत नाही, म्हणून स्लम्प, म्हणजे ओल्या मालाचा ढिलेपणा, टिकतो. राखेच्या काही प्रकारांत तो अर्ध्या तासात बसतो तसं इथे होत नाही. पण कण कोनाकोनाचा आहे, राखेसारखा गोल नाही, त्यामुळे माल राखेइतका वाहता होत नाही. फार बारीक पूड असेल तर माल चिकट लागतो, थापी ओढावी लागते. अशा वेळी पाणी वाढवण्याचा मोह होतो. पाणी वाढवू नका, वाळूतला बारीक भाग कमी करा.

सिमेंट पिशवीवर ‘पोर्टलँड पोझोलाना’ किंवा ‘स्लॅग’ असं लिहिलेलं असेल तर त्यात आधीच काही मिसळलेलं आहे. मोकळा चुना तिथे अगोदरच वाटला जातो. अशा सिमेंटमध्ये काचपूड १० टक्क्यांवर नेऊ नये, आणि तेवढीही चाचणीशिवाय नाही. खरा फायदा साध्या सिमेंटमध्येच दिसतो.

मिक्सरमध्ये क्रम असा: खडी आणि तिसरा हिस्सा पाणी, मग वाळू, मग सिमेंट आणि पूड एकदमच, शेवटी उरलेलं पाणी प्लॅस्टिसायझरसह. नेहमीपेक्षा एक मिनिट जास्त फिरवा. पूड एकटी ओल्या पात्यावर पडली तर चिकटून थर धरते. घमेल्याने मोजू नका. सैल पुडीत हवा इतकी असते की एकच घमेलं दोन वेळा भरलं तर दोन वजनं येतात. पन्नास किलोच्या हिशेबात ४० किलो सिमेंट आणि १० किलो पूड, काट्यावर तोलून. हाताने कालवणाऱ्यांना एक सोय आहे: पूड पांढुरकी असल्याने कोरड्या मिश्रणात पट्टे दिसतात. पट्टे दिसेनासे होईपर्यंत पाणी घालायचं नाही.

ठोकळे, पाणी आणि धीर

मोठ्या कामाआधी ५० लिटरचं चाचणी मिश्रण करा: सिमेंट १४ किलो, पूड ३.५, पाणी ८.४, वाळू ३७, खडी ५६. वाळूतला ओलावा पाण्यातून वजा करायला विसरू नका. सोबत पुडीशिवायचं तेवढंच मिश्रण, त्यात सिमेंट १७.५ आणि पाणी ८.७५. दोन्हींतून १५० मिलिमीटरचे बारा-बारा ठोकळे निघतात. ७, २८, ५६ आणि ९० दिवसांना तीन-तीन फोडायचे. पुष्कळ जण ५६ आणि ९० दिवसांचे ठोकळे भरतच नाहीत आणि मग पूड निकामी ठरवतात. सात दिवसांना २० टक्के पुडीचं काँक्रीट साध्याच्या मागे राहणारच. २८ दिवसांना अंतर बरंच मिटतं, ९० ला बरोबरी होते किंवा पुढेही जातं. २८ दिवसांना साध्याच्या ७५ टक्केही निघालं नाही तर मात्र धीर धरण्यात अर्थ नाही. पूड भरड आहे, किंवा पाणी जास्त पडलं आहे.

ही सगळी कमाई ओलाव्यावर चालते. चुना आणि काच यांची गाठ पाण्यातच पडते, आणि काँक्रीट वाळलं की क्रिया तिथेच थांबते. साध्या सिमेंटला सात दिवस पाणी मारून भागत असेल तर इथे चौदा दिवस धरा. गोणपाट अंथरून त्यावर प्लॅस्टिक घाला. सकाळ-संध्याकाळ पाईप फिरवून गेलेलं पाणी दुपारी उडून जातं, ते धरू नका. थंडीत, १० अंशांच्या खाली, पूड जवळजवळ झोपते. अशा हवेत प्रमाण १० टक्क्यांवर आणा किंवा काम पुढे ढकला. उन्हाळा हिला मानवतो, आणि इमारतीच्या जाड पायाच्या कामात सिमेंट कमी असल्याने आतली उष्णताही कमी राहते.

भिंती-कॉलमच्या बाजूच्या फळ्या नेहमीपेक्षा दिवसभर उशिरा काढा. स्लॅब आणि बीमच्या खालचा आधार दिवस मोजून काढूच नये, सोबत ठेवलेले ठोकळे फोडून ताकद आली की मग काढावा. फरशीचं काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की रंधा मारायची वेळ तास-दीड तास पुढे जाते आणि तोवर वारं लागलं तर वरचं पाणी उडून केसासारख्या भेगा पडतात. मधल्या वेळात फवारा किंवा प्लॅस्टिक हवंच.

कुठे घालावी, कुठे नाही

पांढऱ्या सिमेंटच्या आणि रंगीत कामात ही पूड सगळ्यांना मागे टाकते. पारदर्शक काचेची पूड पांढरीशुभ्र असते. हिरव्या-तपकिरी बाटल्यांचीही बारीक दळल्यावर फिकट करडी होते. राखेने रंग मळतो, सिलिका फ्यूमने, म्हणजे सिलिकॉनच्या भट्ट्यांतल्या अतिबारीक धुळीने, काळवंडतो. टेराझो, रंगीत टाईल्स, दर्शनी पॅनेल यांसाठी पाचपैकी पाच गुण. राखेत न जळलेला कोळसा असतो आणि तो हवा धरणारं रसायन शोषून घेतो, म्हणून बर्फाळ प्रदेशात काँक्रीटमध्ये मुद्दाम धरलेली हवा दर खेपेला बदलते. काचेत कोळसा नाही. तिथेही ही पूड उजवी.

पेव्हर ब्लॉकमध्ये चांगली, पण एक खोट आहे. काचेतलं सोडियम पाण्यासोबत वर येतं आणि पृष्ठभागावर पांढरा लोणा धरतो. ब्लॉक कच्चे असताना पावसात उघडे ठेवले तर हे हमखास. लोणा बहुधा धुऊन जातो, पण काळ्या-लाल ब्लॉकचं गिऱ्हाईक तोवर थांबत नाही.

खडी अल्कलीशी भिडणारी आहे असा संशय असेल तिथे निर्णय घाईने घेऊ नका. बारीक पूड रोग दाबते हे खरं, पण तिच्या पोटात १३ टक्के सोडियम ऑक्साइड आहे हेही खरं. झटपट चाचणीत सिमेंट-वाळूच्या कांड्या ८० अंशांच्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवतात, आणि तिथे बाहेरूनच इतकी अल्कली मिळते की पुडीतून सुटणारी अल्कली झाकली जाते. निकाल गोड दिसतो. भरवसा ठेवायचा तर काँक्रीटच्या कांड्यांची दोन वर्षांची चाचणी, एएसटीएम सी १२९३, ०.०४ टक्के वाढीच्या मर्यादेसह. एवढा वेळ नसेल तर खडी बदलणं स्वस्त पडतं.

पातळ स्लॅब, लोखंडावरचं आवरण जेमतेम आणि पाणी मारायला माणूस नाही, अशा कामात घालू नये. मोकळा चुना कमी झाला की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडला लोखंडापर्यंतची वाट लवकर मिळते; नीट भिजवलेल्या काँक्रीटमध्ये छिद्रं बुजून ती भरपाई होते, कोरड्यात होत नाही. रात्रीत दुरुस्त करून सकाळी वाहतूक सोडायची असेल तिथेही नको.

काचवाळूचं काय? घरातल्या कोरड्या टेराझोत, शोभेसाठी, सोबत बारीक पूड किंवा मेटाकाओलिन (भाजलेल्या चिनी मातीची पूड) घालून चालते. काँक्रीटच्या आतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहिली तरच फुगण्याचा रोग जोर धरतो. अंगण, गच्ची, पाण्याची टाकी, पाया यांत नाही म्हणजे नाही. शिवाय काच गुळगुळीत, सिमेंटची पकड तिच्यावर दगडाइतकी बसत नाही, त्यामुळे ताकदही घसरते.

पर्यावरणाचा दावा तपासून घ्यावा. एक टन क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होतं ते भाजलेले गोळे, भाजताना फक्त चुनखडीतूनच सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड निघतो, इंधनाचा वेगळा. घनमीटरमागे ७० किलो सिमेंट वाचणं ही खरी बचत आहे. मात्र ज्या स्वच्छ, एकरंगी काचेची पुन्हा बाटली होऊ शकते ती भट्टीतच जावी. तिथे काचेचे तुकडे १० टक्के वाढवले की ऊर्जा अडीच ते तीन टक्के वाचते आणि नवा सोडा-चुनखडी भाजावी लागत नाही. पुडीसाठी योग्य माल म्हणजे रंग मिसळलेली, बारीक चुरा झालेली, भट्टीवाला नाकारतो ती काच. विक्रेत्याला कच्चा माल कुठून येतो हे विचारा. ‘निवडून उरलेला चुरा’ असं उत्तर आलं तर तो धुतात कुठे आणि बुचं काढतात कशी, हे लगेच पुढचे दोन प्रश्न.

साठवण सोपी. ओल लागली तरी सिमेंटसारखा दगड होत नाही, ढेकळं होतात. ती हाताने फुटत असतील तर ४५ मायक्रॉनचं पाण्याचं माप पुन्हा घेऊन वापरा. फोडायला हातोडा लागला तर ती पिशवी भरणीत टाका, सिमेंटच्या हिशेबात धरू नका.